कमी खर्चात जनमत चाचणी: स्वयंचलित फोन सर्व्हे कितपत भरवशाचा?

पारावरचा

नमस्कार मंडळी,

आमचा एक छोटा नागरिक गट आहे. मुख्य रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका काढण्याचा प्रस्ताव चर्चेत आहे. समर्थक म्हणतात सगळ्यांना हवी आहे, विरोधक म्हणतात कुणालाच नको. पुरावा म्हणून दोघांकडे आपापले व्हॉट्सअ‍ॅप गट. म्हटलं, सरळ लोकांनाच विचारावं.

घरोघरी फिरायला माणसं नाहीत आणि कॉल सेंटरला काम द्यायला पैसे नाहीत. एकाने आयव्हीआर सुचवलं. यंत्र नंबर फिरवतं, रेकॉर्ड केलेला आवाज प्रश्न विचारतो, समोरचा बटण दाबून उत्तर देतो. एका संध्याकाळी हजारो फोन लागतात म्हणे, आणि खर्च माणसांकरवी करण्याच्या तुलनेत अगदीच किरकोळ.

कुणाला अनुभव आहे का? किती लोकांना विचारलं म्हणजे पुरेसं? आणि मुख्य म्हणजे, हे आकडे घेऊन पत्रकारांसमोर गेलो तर हसं होईल का?

चकवा

असा फोन आला की 'नमस्कार' मधला 'नम' ऐकून मी कापतो. तुमच्या सर्व्हेत मी कधीच नसणार. बाकी चालू द्या.

अपूर्णांक

चकवा यांनी गमतीत लिहिलंय, पण विषयाची खरी मेख तीच आहे.

आधी सोपं उत्तर. योग्य रीतीने निवडलेल्या ४०० जणांच्या नमुन्यात चूक साधारण ±५ टक्के, १,००० जणांच्या नमुन्यात ±३ आणि २,००० जणांच्या नमुन्यात ±२ टक्क्यांच्या आसपास. चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. शहर लाखाचं असो की कोटीचं, या हिशेबात जवळजवळ फरक पडत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, पातेलं केवढं आहे याने काही बिघडत नाही. फक्त भात वरपासून खालपर्यंत एकसारखा शिजलेला हवा आणि शीत कुठूनही उचललेलं हवं.

अडचण इथेच. यंत्र हजारो नंबर फिरवतं म्हणून आपल्याला वाटतं नमुना मोठा झाला. १९३६ साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यावरून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यं घेऊन निवडून आले. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने मूठभर लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला होता.

दोष सहसा यादीला दिला जातो. पत्ते फोनच्या डिरेक्टऱ्या आणि मोटारींच्या नोंदणीतून घेतले होते, म्हणजे मंदीच्या काळातले खातेपिते लोक. पण पुढे १९८८मध्ये पेव्हरिल स्क्वायर या अभ्यासकाने जुनी माहिती तपासली तेव्हा दिसलं की यादीइतकाच घोळ परत न पाठवणाऱ्यांनी केला होता. ज्यांना मतपत्रिका मिळाली पण ज्यांनी ती पाठवलीच नाही, ते वेगळं मत देणारे होते. म्हणजे त्या काळातले चकवा.

चकवा

मला थेट १९३६मध्ये नेऊन ठेवलंत, धन्यवाद. :)

रानजाई

मी काही वर्षं फोन सर्व्हेचं काम पाहायचे, आधी माणसांकरवी आणि नंतर यंत्राकरवी, त्यामुळे खर्चाचं लिहिते.

माणसांकरवी सर्व्हे महाग पडतो तो प्रश्न विचारण्यामुळे नाही. मुलाखत घेणारीचा बहुतेक वेळ न उचललेल्या, बंद असलेल्या, 'नंतर करा' म्हणणाऱ्या फोनांत जातो, आणि पगार त्या वेळेचाही द्यावा लागतो. यंत्राला त्याचं सोयरसुतक नसतं. न लागलेल्या फोनचा खर्च जवळपास शून्य. पैसे लागतात ते लागलेल्या कॉलच्या मिनिटांना, नंबरांच्या यादीला, रेकॉर्डिंगला आणि नंतर आकडे तपासणाऱ्या माणसाला. शेवटचा खर्च सगळे विसरतात. यंत्रणेचं म्हणाल तर अ‍ॅस्टरिस्क नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते सांभाळणारा एखादा हौशी मुलगा गटात असेल तर साधी प्रश्नावली त्यावर चालते. नाहीतर कॉलच्या हिशेबाने पैसे घेणाऱ्या तयार सेवा असतात.

आता दुसरी बाजू. शंभर फोनांमागे एक जण शेवटपर्यंत टिकला असं धरा. ६०० पूर्ण उत्तरं हवीत तर ६०,००० नंबर फिरवावे लागतील. परवडतील, प्रश्न तो नाहीच. पण उरलेले ५९,४०० कोण होते हे तुम्हाला सांगता येणार नाही.

आणि लांबी. दोन मिनिटं, फार तर तीन. पाच-सहा प्रश्नांच्या पुढे गेलात की लोक गळायला लागतात. माणूस बोलत असेल तर संकोचाने थांबतात, यंत्राचा कसला संकोच! त्यामुळे मुख्य प्रश्न पहिल्या किंवा दुसऱ्या नंबरवर ठेवा. आम्हाला एक मोठी संस्था नेहमी पंधरा-वीस प्रश्न द्यायची आणि मग उत्तरं अर्धवट का, म्हणून आमच्यावरच डाफरायची.

खोडरबर

आमच्याकडे फोन उचलण्याचा मान धाकट्याचा. वय वर्षे सहा. 'एक दाबा' म्हटलं की एक दाबतो, दोन म्हटलं की दोनही दाबतो, आणि शेवटी नऊ दाबून सगळं पुन्हा ऐकतो. देशाच्या धोरणावर त्याचा किती प्रभाव पडला असेल, कोण जाणे.

तिरकी रेघ

धाकट्याची मतं आमच्या काही पुढाऱ्यांपेक्षा सुसंगत असतील. ह. घ्या.

रानजाई

खोडरबर, हसू आलं पण हे खरंच होतं. माणूस विचारत असेल तर पोराचा आवाज ओळखून 'आईला दे' म्हणतो. घरच्या फोनवर त्यासाठी एक युक्ती वापरतात: घरातल्या प्रौढांपैकी ज्यांचा वाढदिवस नुकताच होऊन गेला त्यांना बोलवा. नाहीतर नमुन्यात फक्त फोनजवळ बसणारेच येतात. यंत्रही ही विनंती करतं, पण पाळली की नाही हे बघणार कोण? मोबाइल एकाच माणसाचा असल्याने तिथे हा त्रास कमी. वय विचारणारा प्रश्न मात्र ठेवाच आणि १८ खालच्याला नम्रपणे निरोप द्या.

उलटतपासणी

मी या प्रकाराच्या ठाम विरोधात आहे, म्हणून जरा सविस्तर.

एक. स्वस्त झालं की कुणीही उठून 'जनमत चाचणी' करू लागतो. ज्याच्याकडे नंबरांची यादी आणि थोडे पैसे, तो जनतेचा आवाज. पारावरचा यांचा हेतू चांगला असेलही, पण विरोधकांचा गटही उद्या हेच यंत्र लावून उलटे आकडे आणेल. मग?

दोन. याच यंत्रातून सर्व्हेच्या नावाखाली प्रचार होतो. 'अमुक उमेदवाराने पैसे खाल्ले हे कळल्यावर तुम्ही त्याला मत द्याल का?' हा प्रश्न नव्हे, अफवा पसरवण्याचं साधन झालं. अमेरिकेत त्याला पुश पोल म्हणतात, आणि तिथल्या जनमत संशोधकांच्या संघटनेनेच त्याचा निषेध केलेला आहे. असे फोन येऊन येऊन लोक खऱ्या सर्व्हेलाही दारात उभं करत नाहीत.

तीन. अनुभवी संस्थांनीही माती खाल्ल्याची उदाहरणं आहेत. २०१७ साली कॅनडातल्या कॅलगरीत महापौरपदाची निवडणूक झाली. वृत्तपत्रांत छापलेल्या आयव्हीआर चाचण्यांत बिल स्मिथ दोन अंकी आघाडीवर होते. प्रत्यक्षात नाहीद नेन्शी साडेसात टक्क्यांच्या आसपास फरकाने पुन्हा निवडून आले. त्यावर पुढे चौकशी बसली. तेव्हा पत्रकारांसमोर हसं होईल का, याचं उत्तर 'हो, होऊ शकतं'.

अपूर्णांक

उलटतपासणी, दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. तिसऱ्यावर मात्र एकच बाजू मांडलीत. २०१२च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीनंतर फोर्डहॅम विद्यापीठाने संस्थांची अचूकतेनुसार यादी केली, तिच्यात अगदी वरच्या क्रमांकावर पब्लिक पॉलिसी पोलिंग होती, आणि तिची ओळखच यंत्राने फोन करणारी संस्था अशी होती. आणि १९४८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ट्रुमन हरून डुई जिंकणार असं सांगून तोंडघशी पडलेल्या सगळ्या संस्था माणसं पाठवून विचारत होत्या. यंत्र की माणूस यावर सगळं ठरत नाही. कुणापर्यंत पोचलात आणि कुणी उत्तर दिलं, यावर ठरतं.

उत्तरं मिळणं माणसांनाही कठीणच झालंय. प्यू रिसर्च सेंटर ही अमेरिकन संशोधन संस्था चांगले प्रशिक्षित मुलाखतकार लावून फोन करायची. १९९७मध्ये त्यांना प्रतिसाद मिळायचा ३६ टक्के, २०१२मध्ये ९ आणि २०१८मध्ये ६. त्यांनी फोनवरचा भर कमी करून २०१४पासून उभारलेल्या कायमच्या पॅनेलवर, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या ठरावीक लोकांच्या गटावर, भर दिला.

तिरकी रेघ

३६ वरून ६. नापासच म्हणायचं की.

सावली

एक शंका. मोबाइलवर असे यंत्राचे फोन करायला मुळात परवानगी असते का? मागे कुठेतरी वाचलं होतं की अमेरिकेत बंदी आहे.

अपूर्णांक

सावली, बरोबर वाचलंय. तिथे १९९१च्या कायद्यानुसार आधी संमती घेतल्याशिवाय मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा फोन करता येत नाही, अगदी सर्व्हेसाठीसुद्धा. घरच्या जोडणीवर सर्व्हेला मुभा आहे. कायदा झाला तेव्हा मोबाइल होताच किती जणांकडे? आता तिथले सत्तर टक्क्यांहून जास्त प्रौढ अशा घरांत राहतात जिथे फक्त मोबाइल आहे. म्हणजे निव्वळ यंत्राने फोन करणाऱ्यांच्या हाती लँडलाइनवाले उरले: वयस्कर, घरमालक, एका जागी स्थिरावलेले. म्हणून तिथल्या बऱ्याच संस्था लँडलाइनवर यंत्र आणि उरलेल्यांसाठी ऑनलाइन पॅनेल किंवा मेसेजमधून दुवा अशी मिसळ करतात.

प्रत्येक देशाचा नियम वेगळा. पारावरचा, पहिलं काम म्हणजे आपल्याला लागू असलेले नियम वाचणं. कॉलची वेळ, नोंदणी, 'फोन नको' म्हणणाऱ्यांची यादी, सगळं. ते न बघता सुरू केलंत तर हसं होणं ही किरकोळ अडचण ठरेल.

मौनव्रत

मी सहसा वाचनमात्र असतो, पण यंत्राच्या बाजूने कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो.

माणसासमोर लोक चांगले वागतात. दारू किती पिता, मत दिलं का, शेजारी दुसऱ्या जातीचा किंवा धर्माचा आला तर चालेल का, असं माणसाने विचारलं की उत्तर शोभेलसं येतं. यंत्राची लाज वाटत नाही. मेरीलँड विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना माणसाने फोनवर विचारलं, काहींना आयव्हीआरने, काहींना वेबवर. विद्यापीठाकडच्या नोंदींशी उत्तरं ताडून बघता येत होती. नापास झाल्यासारख्या नकोशा गोष्टी माणसापेक्षा यंत्राला आणि वेबला जास्त खऱ्या सांगितल्या गेल्या.

दुसरं म्हणजे यंत्र प्रत्येकाला तोच प्रश्न त्याच आवाजात, त्याच वेगाने विचारतं. संध्याकाळी दमलेला मुलाखतकार अर्धा प्रश्न गिळतो, कधी आपलं मत सुरातून सुचवतो. ते इथे नाही.

उलटतपासणी

मौनव्रत, बसच्या मार्गिकेबद्दल कुणाला लाज वाटणार आहे?

मौनव्रत

गाडीवाल्याला वाटेल की. 'पर्यावरणासाठी बस हवी' असं माणसासमोर म्हणेल आणि यंत्रावर दोन दाबेल.

खोडरबर

हा प्रतिसाद फ्रेम करून लावा.

सावली

अवांतर: आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेचा आवाज लावता येतो ना? प्रश्न विचारेल, उत्तर ऐकेल, उलट विचारेलसुद्धा. बटणांची भानगडच नाही.

तिरकी रेघ

आणि मग चकवांच्या वतीने त्यांचा एआय उत्तर देईल. दोन यंत्रं मिळून लोकशाही चालवतील, आपण झोपू.

रानजाई

आवाजाचं म्हणाल तर जुनी गोष्ट सांगते. सर्व्हेयूएसए नावाची अमेरिकन कंपनी स्थानिक टीव्हीवरच्या वृत्तनिवेदकांच्या आवाजात प्रश्न रेकॉर्ड करायची. ओळखीचा आवाज ऐकला की माणूस दोन क्षण जास्त थांबतो. पहिल्या दहा सेकंदांतच बहुतेक गळती होते, त्यामुळे हे दोन क्षण मोलाचे.

पण एआयचा आवाज जपून. जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीच्या तोंडावर, बायडन यांच्या नकली आवाजात मतदारांना फोन गेले, मत द्यायला येऊ नका म्हणून. पुढच्याच महिन्यात तिथल्या दूरसंचार आयोगाने जाहीर केलं की एआयने बनवलेला आवाज हाही कायद्याच्या दृष्टीने 'कृत्रिम आवाज'च, त्याला तेच निर्बंध. तुम्ही गटातल्या कुणाचा तरी स्वच्छ, न घाईचा आवाज रेकॉर्ड करा. फुकट आणि निर्धोक.

पारावरचा

बापरे, इतकं सगळं! सगळ्यांचे आभार. एक गोष्ट वाचनात आली होती की नमुना वाकडा आला तरी नंतर 'वजन' देऊन तो सरळ करता येतो. वय आणि लिंग विचारलं आणि जनगणनेच्या प्रमाणाशी जुळवून घेतलं तर काम भागेल ना?

अपूर्णांक

काही अंशी. उदाहरणच घेऊ.

समजा ६०० उत्तरं आली. शहरात १८ ते २९ वयाचे २४ टक्के आहेत, तुमच्याकडे आले ८ टक्के, म्हणजे ४८ जण. त्यांना प्रत्येकी ३ चं वजन दिलंत, म्हणजे एकेकाचं मत तीन जणांइतकं मोजलंत, बाकीच्यांना साधारण ०.८३. आकडे कागदावर जुळले. पण आता ४८ माणसं चोवीस टक्के शहराच्या वतीने बोलतायत, आणि त्या ४८ जणांच्या मतातली चूक एकटीच ±१४ टक्के आहे. त्यांतले पाच जण खोडरबरचा धाकटा निघाले तर? गणिताने बघितलं तर या वजनामुळे तुमचा ६०० चा नमुना सुमारे ४४५ च्या तोलाचा उरतो, चूक ±४ वरून ±४.६ च्या पुढे जाते. शिक्षण, भाग, वाहन असं प्रत्येक वजन चढवत गेलात की नमुना आणखी आक्रसतो.

आणि वजन फक्त जे विचारलं त्याचंच देता येतं. फोन कापणारा तरुण आणि फोन न कापणारा तरुण यांची मतं सारखीच असतात, असं आपण गृहीत धरतो. ते खरं असेल तर उत्तम. खरं नसेल तर कितीही वजन दिलं तरी ते कळणारही नाही.

उलटतपासणी

हेच तर मी म्हणत होतो.

अपूर्णांक

नाही हो, तुम्ही म्हणत होतात की करूच नये. मी म्हणतोय की काय केलं ते लपवू नये. किती नंबर फिरवले, किती लागले, किती जणांनी पूर्ण केलं, नंबर कुठून आणले, प्रश्नाचे नेमके शब्द, वजनं कशाची, पैसा कुणाचा, हे सगळं निकालासोबत छापा. उद्या विरोधकांचा गट उलटे आकडे घेऊन आला तर दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचणाऱ्याला ठरवता येईल. तुमच्या पहिल्या प्रश्नावरचा उपायही हाच.

रानजाई

पारावरचा, मूळ प्रश्नाकडे येऊ. माझं मत असं की 'शहराला मार्गिका हवी का' हा सवाल यंत्राने विचारून ५१ विरुद्ध ४९ आलं तर त्याचं काहीच करता येणार नाही. ७० विरुद्ध ३० आलं तर मात्र बऱ्याच चुका पोटात घालूनही 'कुणालाच नको' हा दावा खोटा ठरतो. तुमचं काम तेवढ्याने होत असेल तर यंत्र पुरेसं आहे.

दुसरं, तुम्हाला सगळ्या शहराचं मत हवंय की बसने जाणाऱ्यांचं? संमतीसह नंबर असलेली प्रवाशांची यादी कुणाकडून मिळाली तर ओळखीच्या संस्थेचं नाव ऐकून लोक उचलतात आणि कोण आलं नाही हेही कळतं. आयव्हीआर मला सगळ्यांत उपयोगी वाटलं ते अशा ठिकाणी. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने २०१३पासून काँगोच्या पूर्वेकडच्या विस्थापितांच्या छावणीत आणि सोमालियात फोनवरून लोकांच्या खाण्यापिण्याची विचारपूस सुरू केली. पुढे त्यात यंत्राचे फोन आणि मेसेजही आले. जिथे माणूस पाठवणं अवघड, तिथे पुन्हा पुन्हा त्याच पद्धतीने विचारून परिस्थिती सुधारतेय की बिघडतेय हे कळतं. एकदाच विचारलेल्या आकड्यापेक्षा असा बदल जास्त भरवशाचा, कारण पद्धतीतला दोष दोन्ही वेळा बहुधा सारखाच असतो.

सावली

+१. 'आधी विचारा, मार्गिका झाल्यावर सहा महिन्यांनी परत विचारा' हे मला आवडलं.

पारावरचा

हे डोक्यातच नव्हतं आलं. मग असं करतो: संपूर्ण शहराचा दावा सोडून देतो. बसप्रवाशांची यादी मिळते का बघतो, आणि त्यांच्यासोबत यादृच्छिक नंबरांचा छोटा वेगळा गट, दोन्हींचे निकाल वेगवेगळे. प्रश्नाचा मसुदा असा आहे, बघा:

'वाहतूक कोंडीतून सुटका करणाऱ्या बस मार्गिकेला आपला पाठिंबा आहे का? होय असल्यास एक दाबा, नसल्यास दोन दाबा.'

उलटतपासणी

पुश पोल!

मौनव्रत

या वेळी उलटतपासणींशी सहमत. 'सुटका करणाऱ्या' उडवा. रस्त्याची एक लेन गाड्यांसाठी बंद होणार हेही त्याच वाक्यात आलं पाहिजे, नाहीतर लोक कशाला हो म्हणतायत हेच त्यांना कळणार नाही. शिवाय पर्याय कानाने ऐकताना शेवटचा पर्याय जास्त लक्षात राहतो. अर्ध्या कॉलमध्ये 'होय' आधी, अर्ध्यांत 'नाही' आधी ठेवा. यंत्राला हे सहज जमतं, तो त्याचा आणखी एक फायदा.

अपूर्णांक

आणि 'अजून ठरवलेलं नाही' साठी तिसरं बटण. ते नसेल तर मत नसलेला माणूस एकतर काहीतरी दाबतो किंवा फोन ठेवतो.

पारावरचा

दुरुस्त मसुदा:

'मुख्य रस्त्याची एक लेन फक्त बससाठी राखून ठेवावी आणि इतर वाहनांना तिथे मनाई करावी असा प्रस्ताव आहे. बाजूने असाल तर एक दाबा, विरोधात असाल तर दोन दाबा, अजून ठरवलं नसेल तर तीन दाबा.'

कॉल किती वाजता करावेत?

रानजाई

हा बरा आहे. फक्त 'एक दाबा' आधी आणि 'बाजूने असाल तर' नंतर असं बोलू नका कधी. आत्ता लिहिलंय तोच क्रम ठेवा, नाहीतर पर्याय ऐकेपर्यंत लोक आकडा विसरतात.

वेळ: एकाच संध्याकाळी सगळे फोन उरकू नका, त्या वेळी घरी असणारेच फक्त मिळतात. कामाचे दिवस आणि सुट्टी अशी विभागणी करा आणि न उचललेल्या नंबरांवर वेगळ्या वेळी पुन्हा प्रयत्न करा. ज्या नंबरवरून फोन जाईल त्यावर उलट फोन केला तर कुणीतरी उचललं पाहिजे किंवा निदान तुम्ही कोण हे सांगणारं रेकॉर्डिंग लागलं पाहिजे. आधी थोड्या नंबरांवर करून बघा आणि लोक कुठल्या वाक्यावर फोन ठेवतात ते इथे टाका, मग रेकॉर्डिंग कापायला मदत करते.